अंधेरनगरीचा फास कोणाच्या गळ्यात?

(झाशी येथील हौशी नाट्यकलावंतांच्या बैठकीत, तालमी सुरू होण्यापूर्वी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी नटी नाही, दिग्दर्शिकाही नाही. हिंदी व इंग्रजी मजकूर आपल्या पत्रासाठी मराठीत आणणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे नाटकाच्या तंत्राविषयी आपल्याला शिकवण्याचा आव मी आणणार नाही. शब्दांशी रोज झगडणाऱ्या एका कामगाराचे अनुभव म्हणून माझे बोलणे ऐकावे.

आपण भारतेंदु हरिश्चंद्रांचे ‘अंधेर नगरी’ बसवायला घेतले आहे. त्यावरून आपल्यात वाद झाला, हे मला समजले आणि आनंद वाटला. ज्या मंडळीत वाद होत नाही, तिच्या नाटकात जीव नसतो. वादाचे मुद्दे तीन आहेत. पहिला, लोक आधीच गांजलेले असताना त्यांना आणखी अंधार का दाखवावा? दुसरा, भयाण भविष्याच्या कथा ही शत्रूच्या शस्त्रागारातील वस्तू आहे. ती आपण का उचलावी? आणि तिसरा, नाटकाचा शेवट बदलावा की नाही? या तिन्ही प्रश्नांना मी माझ्या परीने उत्तर देणार आहे.

झाशीने पाहिलेला अंधार

नाटक या शहराला नवे नाही. १८५३ साली निधन पावलेले राजे गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे मोठे षोकी होते. त्यांची नाट्यशाळा होती, नटसंच होता आणि ते स्वतः स्त्रीभूमिका करीत असे सांगितले जाते. मोतीबाई या नटीचे नाव झाशीच्या लोकस्मृतीत आजही आहे. वृंदावनलाल वर्मा यांनी १९४६च्या आपल्या कादंबरीत तिला राणीच्या लढ्यात सामील झालेली दाखविली. रंगभूमीवरून रणभूमीवर जाण्याची ही वाट या गावाने कल्पनेत तरी फार पूर्वीच आखून ठेवली आहे.

आणि अंधार? तो झाशीने प्रत्यक्ष पाहिला आहे, आणि त्याची साक्ष मराठीत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. एप्रिल १८५८च्या पहिल्या आठवड्यात सर ह्यू रोजच्या फौजा शहरात शिरल्या, तेव्हा हा गरीब भिक्षुक आपल्या काकांसह येथेच होता. त्यानंतरची कत्तल त्याने पाहिली. दिवसामागून दिवस पाळीपाळीने चाललेली लूट, आधी सोनेनाणे आणि मग भांडीकुंडी, त्याने पाहिली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाचा विध्वंसही त्याने नोंदवून ठेवला. ‘माझा प्रवास’ हे त्याचे पुस्तक १९०७ साली चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रसिद्ध केले. भयाण नगरीचे असे वर्णन करायला गोडसे भटजींना कल्पनाशक्ती लागली नाही. डोळे उघडे ठेवणे पुरेसे होते.

हे फार जुने झाले असे कोणास वाटेल, तर त्यांनी मे २०२० आठवावा. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि अवघ्या चार तासांत सारा देश बंद झाला. मुंबई, पुणे, सुरत येथून बुंदेलखंडाकडे आणि पूर्वेकडे परतणारे मजूर चालत, सायकलीने, ट्रकच्या टपावर बसून निघाले. मेच्या मध्यास ते येथून जवळच, मध्य प्रदेशच्या सीमेवरील रक्सा नाक्यावर, हजारोंच्या संख्येने थांबवले गेले. ८ मे रोजी मराठवाड्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले होते. मेच्या अखेरीस झाशी स्थानकात परत आलेल्या एका श्रमिक गाडीच्या शौचालयात एका मजुराचे प्रेत सफाई कामगारांना आढळले. तो काही दिवसांपूर्वी याच झाशीहून घराकडे निघाला होता.

त्या दिवसांची माझी एक चूक मी आज आपल्यापुढे ठेवते. रक्सा नाक्याच्या हिंदी बातम्या रात्री उशिरापर्यंत मी मराठीत करीत असे. अशाच एका रात्री मी लिहून गेले, ‘सीमेवर मजूर अडकले.’ वाक्य शुद्ध होते, सोपे होते, आणि कोणीही त्याला हरकत घेतली नाही. बऱ्याच दिवसांनी ते पुन्हा वाचताना मी थबकले. ‘अडकणे’ या क्रियापदाला अडकवणारा लागत नाही. काटेरी कुंपणात पदर अडकतो, तसे माणूस अडकल्याचे त्यात सुचते. घडले होते ते असे, की मजुरांना अडवले होते. ‘अडवले’ म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कोणी? केवळ एका क्रियापदाने मी तो प्रश्न पुसून टाकला होता. तो पुसण्याचा हुकूम मला कोणी दिला नव्हता. सवयीने, थकव्याने, सोपे म्हणून मी ते केले.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे. लोकांनी अंधार भोगला आहे. तो रंगमंचावर दाखवल्याने त्यांचे दुःख वाढत नाही. त्यांना सांगितले गेले आहे ते कर्ता नसलेल्या वाक्यांत: भाव वाढले, काम गेले, पाणी आटले, माणसे अडकली. नाटकाचे काम त्या वाक्यात कर्ता परत आणून बसवण्याचे आहे.

नगरीचे नाव

इंग्रजीत अशा कथांना ‘डिस्टोपिया’ म्हणतात. टॉमस मोरने १५१६ साली ‘युटोपिया’ लिहिले, ते इंग्लंडमधील सामाईक जमिनींना कुंपणे घालून शेतकऱ्यांना हुसकावले जात असताना. पुढे जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ साली ब्रिटिश संसदेत आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना त्याचा उलटा शब्द वापरला. म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी जमीन आणि राज्यकारभार हेच होते. यासाठी मराठी प्रतिशब्द शोधताना मी ‘दुःस्वप्न’, ‘दुःस्थिती’ असे बरेच संस्कृत शब्द जोडून पाहिले. शेवटी लक्षात आले की शब्द घरातच होता. आपली आजीसुद्धा ‘अंधेरनगरी’ म्हणते आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

भारतेंदूंनी हे सहा अंकी प्रहसन १८८१ साली बनारसच्या नॅशनल थिएटरसाठी एका दिवसात लिहिले, अशी परंपरा आहे. गोष्ट लहानशी आहे. एक महंत दोन शिष्यांसह अशा नगरीत येतो, जिथे भाजीपासून मिठाईपर्यंत सारे टक्याला शेर मिळते. गुरू ओळखतो की जिथे चांगल्या-वाइटाची किंमत एकच, तिथे राहणे धोक्याचे. तो निघून जातो. गोवर्धनदास हा शिष्य स्वस्ताईला भुलून राहतो आणि खाऊन लठ्ठ होतो. एके दिवशी भिंत पडून एक बकरी मरते आणि मालक राजाकडे फिर्याद नेतो.

यापुढचा दरबाराचा प्रवेश आपण फार काळजीपूर्वक वाचावा, अशी माझी विनंती आहे. भिंतीचा मालक वाणी म्हणतो, दोष गवंड्याचा. गवंडी चुनेवाल्याकडे बोट दाखवतो. चुनेवाला म्हणतो, भिश्तीने पाणी जास्त घातले. भिश्ती म्हणतो, कसायाने मसक मोठी दिली. कसाई म्हणतो, धनगराने मेंढी मोठी विकली. धनगर म्हणतो, कोतवालाची स्वारी वाजतगाजत निघाली, त्या गडबडीत लहान-मोठे पाहायचे राहिले. फाशीची शिक्षा कोतवालाला होते. पण फास अधिकाऱ्याच्या गळ्यापाशी येताच नवाच शोध लागतो: फास मोठा आहे आणि कोतवालाची मान बारीक! मग ज्याची मान फासाला पुरेल असा लठ्ठ माणूस शोधा. गोवर्धनदास धरला जातो.

जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीच्या या प्रवेशात आपल्या काळातील कितीतरी चौकशा दिसतात! पूल पडतो, कारखान्यात स्फोट होतो, इस्पितळात प्राणवायू संपतो. चौकशी एका हाताखालच्या माणसाकडून दुसऱ्याकडे सरकत जाते. ती वर जाण्याची वेळ आली की फासाचे माप चुकते. येथे कर्ता हरवलेला नाही. कर्ता शोधण्याचे मोठे यंत्र धडधडत आहे, आणि ते हमखास चुकीचा माणूस शोधून देते.

बाजाराचा प्रवेशही गमतीचा म्हणून उरकू नका. कबाब, चणे, संत्री, मिठाई, मासळी यांच्या ओळीत तेथे एक जात विकणाराही उभा आहे. टका द्या आणि हवी ती जात घ्या, असा त्याचा धंदा आहे. चूर्ण विकणारा गोऱ्या साहेबांपासून पोलिसांपर्यंत सर्वांना चिमटे काढतो. हे फेरीवाले आपण सीपरी बाजारात किंवा सदर बाजारात जाऊन ऐकावेत. त्यांच्या आरोळ्या बुंदेली असाव्यात. आल्हा गाणारा कोणी मिळाला तर त्यालाच सूत्रधार करावे. पावसाळ्यात या प्रदेशाला त्याचा आवाज ओळखीचा असतो.

शत्रूचे शस्त्र?

आता दुसरा मुद्दा. काही ज्येष्ठ कॉम्रेड्सचे म्हणणे असे, की भयाण भविष्याची कथा म्हणजे ऑर्वेल आणि ऑर्वेल म्हणजे शीतयुद्ध. या म्हणण्यात काही अंशी सत्य आहे, आणि ते झाकण्याचे कारण नाही. बिहारमधील मोतिहारी येथे, अफू खात्यातील अधिकाऱ्याच्या घरी १९०३ साली जन्मलेल्या या लेखकाची ‘अॅनिमल फार्म’ ही कथा १९४५ साली निघाली. १९५४ साली तिच्यावर निघालेल्या व्यंगपटाला अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने छुपा पैसा पुरवला होता, हे आता सिद्ध झाले आहे. मूळ कथेच्या शेवटी डुकरे आणि माणसे यांच्यात फरक उरत नाही. म्हणजे जुना मालकही तितकाच दोषी ठरतो. चित्रपटात तो शेवट बदलून प्राण्यांचा डुकरांविरुद्धचा उठाव घालण्यात आला.

परंतु हे सांगितल्यावर पुढचेही सांगावे लागते. ही कथा शत्रूची, हे मला मान्य नाही. जॅक लंडन हा समाजवादी लेखक होता. त्याने १९०८ साली ‘द आयर्न हील’मध्ये मूठभर धनिकांची सत्ता कामगार चळवळ कशी चिरडते, हे फॅसिझमचे नावही जन्मण्यापूर्वी रंगवले. चेक नाटककार कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ १९२१च्या जानेवारीत प्रागमध्ये रंगमंचावर आले. त्यात एक कारखाना भावना नसलेले, फक्त काम करणारे कृत्रिम मजूर बनवतो. त्यांना ‘रोबोट’ हे नाव कारेलच्या भावाने, योसेफने सुचवले. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ! जगभर यंत्रमानव म्हणून मिरवणारा हा शब्द मुळात आपला वेठबिगारच आहे. हाच योसेफ १९४५ साली नाझींच्या बेर्गन-बेल्झेन छावणीत मेला.

आणि झाम्यातिन? १९०५च्या क्रांतीत तो बोल्शेविकांबरोबर होता आणि झारच्या तुरुंगातही गेला होता. त्याची ‘आम्ही’ ही कादंबरी १९२४ साली इंग्रजीत निघाली, पण सोव्हिएत भूमीवर छापली जायला १९८८ साल उजाडावे लागले. मेयरहोल्डने क्रांतीच्या रंगभूमीला आकार दिला. त्याला फेब्रुवारी १९४० मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. ही वाक्येही मला कर्त्यासह उच्चारली पाहिजेत: कादंबरी दडपली गेली ती आपल्याच बाजूच्या राज्याकडून, आणि मेयरहोल्डला मारले तेही त्याच राज्याने. रक्सा नाक्यावर कर्ता विचारायचा आणि येथे मात्र ‘दुर्दैवाने घडले’ म्हणायचे, असा दुटप्पीपणा प्रेक्षक लगेच ओळखतो. अंधेरनगरी दाखवणाऱ्याने आपल्या घरातील अंधारावर पांघरूण घालू नये. तसे केले तरच हे शस्त्र शत्रूच्या हाती जाते.

भिंत, यंत्र आणि माणसे

तुमच्याकडे पैसे नाहीत, नेपथ्य नाही, असे तुम्ही म्हणालात. मग मी दोन उदाहरणे देते. पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’ प्रथम सादर केले. त्यात रांगेत उभ्या असलेल्या माणसांचीच भिंत होती. ती भिंत गाते, डुलते, आणि हवे ते झाकते. दुसरे उदाहरण दिल्लीच्या जन नाट्य मंचाचे. गाझियाबादच्या एका कारखान्यातील कामगारांनी सायकली ठेवायला जागा आणि चहासाठी उपाहारगृह, एवढेच मागितले होते. त्यांच्यावर गोळीबार झाला आणि सहा कामगार मारले गेले. त्यातून ‘मशीन’ हे जेमतेम तेरा मिनिटांचे पथनाट्य जन्मले. १५ ऑक्टोबर १९७८ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्याच महिन्यात तालकटोरा येथे सुमारे सात हजार कामगार प्रतिनिधींनी ते पाहिले. त्यात नट आपल्या शरीरांनी आणि आवाजांनी एक यंत्र बनतात. यंत्र चालते, चालते, आणि अचानक थांबते. थांबलेल्या यंत्रातून माणसे बाहेर पडून बोलू लागतात.

तुमच्यात रेल्वेच्या कारखान्यात काम करणारे आहेत. यंत्राचा ताल त्यांच्याइतका कोणास ठाऊक? दरबाराचा प्रवेश तुम्ही असाच करून पाहा. वाणी, गवंडी, चुनेवाला, भिश्ती, कसाई, धनगर अशी माणसांची साखळी उभी करा. दोष एका हातातून दुसऱ्या हातात मालडब्यांच्या धक्क्यासारखा सरकू द्या. कोतवालापाशी तो आला की साखळीने उलटा हिसका द्यावा. संवाद एक शब्दानेही वाढवावा लागणार नाही, आणि प्रेक्षकाला सारे कळेल.

स्त्री-कलावंतांविषयी एक शब्द. राजा स्त्रीभूमिका करी त्या गावात स्त्रियांनी आता राजाची, कोतवालाची, महंताची भूमिका का करू नये? आपल्या बहिणींना केवळ संत्रीवाली आणि कोळीण देऊन वाटणी संपवू नका.

शेवटाचा प्रश्न

आता तिसरा आणि सर्वांत कठीण मुद्दा. मूळ नाटकात गुरू परत येतो आणि युक्ती करतो. या मुहूर्तावर जो मरेल तो थेट स्वर्गात जाईल, असे तो सांगतो. मग फासावर चढायला सर्वांची झोंबाझोंबी सुरू होते आणि अखेर राजा स्वतःच चढतो. तुमच्यातील तरुणांचा आक्षेप रास्त आहे. येथे प्रजा काहीच करीत नाही. राजा स्वतःच्या मूर्खपणाने मरतो. म्हणून शेवटी जनता उठते, लाल निशाण फडकते आणि घोषणा होते, असा नवा प्रवेश जोडावा, असे त्यांचे म्हणणे आहे.

मी त्याच्या विरुद्ध मत देते. अनुवादक म्हणून माझ्या मनात भीती आहे ती अशी: मूळ लेखकाच्या तोंडी आपले वाक्य घालणे फार सोपे असते आणि ते नेहमी सद्हेतूने केले जाते. व्यंगपटाचा शेवट बदलणाऱ्यांनीही उठावच घातला होता! जो उठाव प्रेक्षकाने केलेला नाही, तो नटांनी त्याच्या वतीने केला की प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो. काम झाल्यासारखे त्याला वाटते.

यावर तुम्ही ‘नवान्न’चे उदाहरण द्याल. बिजन भट्टाचार्य यांचे हे नाटक इप्टाने १९४४ साली रंगमंचावर आणले. बंगालच्या १९४३च्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे मेली होती. त्या नाटकाच्या अखेरीस शेतकरी गावी परततात आणि एकत्र पीक काढतात. तो शेवट आशेचा आहे, हे खरे. पण ती आशा त्या नाटकाच्या पात्रांनी चार अंकांत भीक मागून, उपाशी राहून कमावलेली आहे. ‘अंधेर नगरी’च्या प्रजेने तसे काही कमावलेले नाही. ती टक्याला शेर खाजे खात बसलेली आहे. तिला शेवटच्या पाच मिनिटांत क्रांतिकारक करणे म्हणजे तिच्याशी आणि प्रेक्षकाशी खोटे बोलणे होय.

म्हणून माझी सूचना साधी आहे. राजा फासावर चढला की दिवे मालवू नका. फास रिकामा लोंबकळत ठेवा. सूत्रधाराने पुढे येऊन प्रेक्षकांना एवढेच विचारावे: राजा गेला, आता भिंत कोण बांधणार आणि फास कोणाच्या हाती राहणार? मग थांबावे. उत्तर येईपर्यंत थांबावे. ब्राझीलच्या ऑगस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला रंगमंचावर बोलावून प्रसंग पुढे चालवायला लावण्याची पद्धत रूढ केली आणि बंगालमध्ये १९८५पासून जनसंस्कृतीची मंडळी खेड्यापाड्यांत ती चालवत आली आहेत. आपणही झाशीत करून पाहू. पहिल्या प्रयोगात कदाचित कोणी बोलणार नाही. ती शांतताही ऐकण्यासारखी असेल.

धोक्याची किंमत

शेवटी एक इशारा. असा प्रश्न विचारणे हे कधीच फुकट नसते. ब्रिटिशांनी १८७६ साली नाट्यप्रयोगांवर बंधन घालणारा कायदा केला. स्वातंत्र्यानंतरही तो राहिला. १९५३ साली लखनौला इप्टाने प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’चा प्रयोग केला तेव्हा कलावंतांवर त्याच कायद्याखाली खटला भरला गेला. १९५६ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांनी तो कायदा राज्यघटनेशी विसंगत ठरवला. मेळ्यातल्या एका पोरक्या मुलाच्या आणि त्याच्या चिमट्याच्या गोष्टीने याच प्रांतात एवढे मोठे काम केले! केंद्राच्या कायदेपुस्तकातून तो कायदा निघायला मात्र २०१८ साल उजाडले.

कायदा गेला तरी लाठी जात नाही. १ जानेवारी १९८९ रोजी साहिबाबादच्या झंडापूर येथे ‘हल्ला बोल’चा प्रयोग चालू असताना सफदर हाशमी आणि त्यांच्या साथीदारांवर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार ठार झाला, आणि दुसऱ्या दिवशी सफदर गेले. ४ जानेवारीस मलयश्री हाशमी आणि त्यांचे सहकारी त्याच जागी परतले आणि अर्धवट राहिलेला प्रयोग त्यांनी पूर्ण केला. त्या दिवशी त्यांनी नाटकात नवा शेवट जोडला नाही. आहे तेच नाटक, आहे त्याच जागी, पुरे केले.

मित्रांनो, आपल्या तालमी उद्यापासून सुरू होत आहेत. प्रयोगानंतर वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या तर त्या मराठीत आणण्याचे काम बहुधा माझ्याकडेच येईल. त्या वेळी ‘झाशीत नाटक झाले’ असे मी लिहिणार नाही. झाशीच्या माणसांनी नाटक केले, असे लिहीन.